नावे ठेवणारा डॉक्टर

काही अळ्या चालत नाहीत, मोजतात. पुढचे पाय फांदीवर रोवायचे, अंगाची कमान करून मागचा भाग पुढच्या पायांना आणून टेकवायचा आणि मग पुढचे अंग लांब टाकायचे. कापड वितीने मोजताना अंगठा आणि करंगळी जशी एकमेकांजवळ येतात आणि पुन्हा फाकतात, तशी ही चाल. त्यामागचे कारण शरीररचनेत आहे. फुलपाखरे आणि पतंग यांच्या बहुतेक अळ्यांच्या पोटाखाली मांसल पायांच्या पाच जोड्या असतात. या अळ्यांना त्यातल्या शेवटच्या दोनच मिळालेल्या असतात. मधल्या अंगाला आधार नाही, म्हणून कमान. फ्रान्समधील निरीक्षक रेओम्यूर यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात या अळ्यांचे बारकाईने वर्णन केले आणि त्यांना जमीन मोजणाऱ्यांची उपमा दिली. पुढे १७५८ मध्ये स्वीडनमधील वैद्यकाच्या एका प्राध्यापकाने आपल्या ग्रंथात या अळ्यांपासून होणाऱ्या पतंगांचा वेगळा गट केला आणि त्याला 'जिओमेट्रा', म्हणजे भूमापक, असे नाव दिले. आज या कुलात जगभरातील सुमारे २४ हजार जाती मोजल्या जातात.

ते प्राध्यापक म्हणजे कार्ल लिनियस. प्रत्येक सजीवाला दोन शब्दांचे लॅटिन नाव देणारे शास्त्रज्ञ म्हणून शाळेच्या पुस्तकात ते सर्वांना भेटतात. तुळस आणि अडुळसा यांची आजची शास्त्रीय नावेही त्यांनीच दिलेली आहेत. ते पेशाने डॉक्टर होते, ही गोष्ट मात्र सहसा मागे पडते. खरे तर त्यांची विचार करण्याची रीत डॉक्टरचीच होती. समोर आलेल्यातले एक ठळक लक्षण पकडायचे, त्यावर विश्वास ठेवायचा आणि नाव द्यायचे. मराठीत रोगाच्या खुणेलाही लक्षण म्हणतात आणि एखाद्या वस्तूच्या व्याख्येलाही. लिनियस यांचे यश आणि त्यांच्या चुका, दोन्ही याच एका शब्दात सापडतात.

त्यांचा जन्म २३ मे १७०७ रोजी दक्षिण स्वीडनमधील रोसहुल्ट या खेड्यात झाला. वडील निल्स हे पाद्री होते. त्या काळी स्वीडनच्या खेड्यांत आडनाव नसे; बापाच्या नावावर काम भागे. विद्यापीठात नाव घालण्यासाठी आडनाव हवे म्हणून निल्स यांनी घराण्याच्या जमिनीवरील लिंडेनच्या जुन्या झाडावरून ते तयार केले. मुलाला वनस्पतींचा नाद वडिलांच्या बागेतच लागला. त्याने पाद्री व्हावे अशी घरची इच्छा होती, पण व्हेक्शोच्या शाळेतील मास्तरांचे मत त्याबाबत फारसे बरे नव्हते. तिथेच शिकवणारे डॉक्टर योहान रोथमन यांनी वडिलांना सुचवले, की मुलगा वैद्यक शिकू शकेल. त्या काळात वैद्यक आणि वनस्पती हे वेगळे विषय नव्हतेच. औषध झाडातून यायचे आणि चुकीचे झाड ओळखले तर रोगी दगावायचा.

लुंड येथे एक वर्ष आणि १७२८ पासून उप्साला येथे शिक्षण झाले. पैशांची चणचण कायमची. उप्सालात त्यांना पीटर आर्टेडी हा मित्र भेटला. तोही वैद्यकाचा विद्यार्थी, त्याला माशांचे वेड. दोघांनी निसर्ग वाटून घेतला आणि ठरवले, की एकाचा मृत्यू आधी झाला तर दुसऱ्याने त्याचे काम पुरे करायचे. १७३५ मध्ये आर्टेडी अ‍ॅमस्टरडॅमच्या कालव्यात बुडून गेले. तिशीचा होता तो. लिनियस यांनी शब्द पाळला आणि १७३८ मध्ये मित्राचा माशांवरील ग्रंथ छापून काढला. आपल्याच नावाची फार काळजी असणाऱ्या या माणसाच्या आयुष्यातले हे काम लक्षात ठेवण्यासारखे आहे.

१७३५ मध्येच लिनियस डॉक्टर झाले, तेही नेदरलँड्समधील हार्डरवाइक येथे. पदवी लवकर देणारे विद्यापीठ म्हणून त्याची ख्याती होती आणि लिनियस यांचे सगळे सोपस्कार आठवडाभरात उरकले. प्रबंध मात्र त्यांनी आधीच लिहून आणला होता. त्याचा विषय होता थंडी वाजून येणारा, उतरणारा आणि एक-दोन दिवसांआड पुन्हा उसळणारा ताप. आज आपण त्याला हिवताप म्हणतो. तेव्हा तो स्वीडनमध्येही घरोघरी असे. लिनियस यांनी तापाचे रुग्ण कुठे जास्त आढळतात हे पाहिले आणि त्यांना दिसले, की जिथे जमीन चिकणमातीची तिथे ताप. मग त्यांनी कारण सांगितले. पिण्याच्या पाण्यातून मातीचे बारीक कण रक्तात जातात, लहान रक्तवाहिन्यांत अडकतात आणि ताप येतो.

निरीक्षण खरे होते, कारण खोटे. चिकणमातीत पाणी मुरत नाही, डबकी साचून राहतात आणि त्यांत डास वाढतात. रक्तातला परजीवी लष्करी डॉक्टर लाव्हेरां यांना १८८० मध्ये दिसला आणि डासाच्या पोटातला रोनाल्ड रॉस यांना १८९७ मध्ये आपल्याकडे सिकंदराबादला. त्याआधी दीडशेहून अधिक वर्षे लिनियस अगदी बरोबर जागी बोट ठेवून उभे होते आणि भलतेच नाव घेत होते.

त्याच वर्षी लायडन येथे त्यांचा 'सिस्टिमा नॅचुरे' प्रसिद्ध झाला. मोठ्या आकाराची जेमतेम डझनभर पाने. त्यांत दगड, वनस्पती आणि प्राणी तक्त्यांमध्ये मांडलेले. पुढे या पुस्तकाच्या आवृत्त्या वाढत गेल्या आणि पानेही.

१७३८ मध्ये मायदेशी परतून त्यांनी स्टॉकहोममध्ये दवाखाना थाटला, पण रुग्ण फिरकेनात. नावाजलेल्या वनस्पतितज्ज्ञाकडे कुणी नोकरालाही उपचाराला पाठवत नव्हते. शेवटी परम्याने हैराण झालेल्या काही तरुणांवर त्यांनी उपचार केले. त्यांना गुण आला आणि चार मंडळींत गुपचूप बोलबाला झाला. काही महिन्यांत दवाखाना भरला. १७३९ मध्ये ते नौदलाचे वैद्य झाले, त्याच वर्षी सारा एलिझाबेथ मोरिया हिच्याशी लग्न झाले आणि १७४१ मध्ये उप्साला येथे वैद्यकाचे प्राध्यापकपद मिळाले. त्यानंतर त्यांनी उप्साला कायमचे सोडले नाही. आहारशास्त्र आणि औषधी द्रव्ये हे त्यांचे शिकवण्याचे विषय. व्याख्यानांना गर्दी होई. स्वतःच्या गाउटवर रानटी स्ट्रॉबेरी पोटभर खाण्याचा उपाय त्यांना लागू पडला, असे त्यांचे ठाम मत होते. त्यावर विसंबून आज कुणी औषध बंद करू नये.

पतंगांकडे ते वळले ते याच काळात. १७५८ मध्ये 'सिस्टिमा'ची दहावी आवृत्ती निघाली. तिच्यात चार हजारांहून अधिक प्राणी होते आणि प्रथमच सगळ्यांना दोन शब्दांची नावे होती. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची आजची कालगणना या पुस्तकापासूनच सुरू होते. खवल्यांच्या पंखांचे सगळे कीटक त्यांनी तीन मोठ्या गटांत घातले. दिवसा उडणारी फुलपाखरे, मोठ्या अंगाचे ससाण्यासारखे पतंग आणि उरलेले सगळे. या 'उरलेल्या सगळ्यां'चे त्यांनी सात विभाग केले. त्यांतला एक भूमापकांचा.

करड्या, मातकट, सालीसारख्या दिसणाऱ्या शेकडो पतंगांना लक्षात कसे ठेवायचे? लिनियस यांनी त्यासाठी जी युक्ती केली ती मराठी माणसाला चटकन कळेल. आडनावाच्या शेवटी 'कर' लागला की माणूस कुठल्यातरी गावचा हे समजते, तसे त्यांनी नावाच्या शेवटाला गटाची खूण केली. पाने गुंडाळणाऱ्या पतंगांच्या नावाचा शेवट 'आना', कपडे खाणाऱ्या कसरीच्या भाऊबंदांचा 'एला'. भूमापकांमध्ये तर त्यांनी आणखी एक पायरी केली. ज्या जातीच्या नराच्या डोक्यावरच्या शृंगिका कंगव्यासारख्या दातेरी, तिच्या नावाचा शेवट 'आरिया'. ज्यांच्या शृंगिका साध्या दोऱ्यासारख्या, त्यांचा 'आटा'. बर्च झाडावरचा पांढरा, काळे ठिपके उडालेला पतंग झाला बेटुलारिया. गूजबेरीच्या झुडपावरचा ठिपकेदार पतंग झाला ग्रोसुलारियाटा. ऐन हिवाळ्याच्या तोंडावर उडणारा झाला ब्रुमाटा. पुस्तक जवळ नसतानाही केवळ नाव ऐकून विद्यार्थ्याने सांगावे, की याची शृंगिका अशी आहे. अध्यापनाची साधने म्हणून याहून सोयीचे काही सापडणे कठीण.

यातल्या ब्रुमाटाने ही सगळी नावानिशी ओळख कशासाठी, हे दाखवून दिले. त्याच्या अळ्या वसंतात फळझाडांची पालवी फस्त करीत. झाडावर औषध शिंपडण्याचा तो काळ नव्हता. लिनियस यांचे विद्यार्थी आणि पुढे रसायनशास्त्रज्ञ म्हणून गाजलेले टोर्बर्न बर्गमन यांनी या पतंगाचा पाठपुरावा केला. त्याच्या मादीला पंख नावापुरते असतात, तिला उडता येत नाही. कोषातून जमिनीवर बाहेर पडून ती खोडावरून चालत वर जाते आणि अंडी घालते. मग बुंध्याभोवती डांबराचा पट्टा लावला की काम झाले. मादी चिकटते आणि झाड वाचते. फळबागांमध्ये चिकट पट्ट्यांचा हा उपाय पुढे युरोपभर चालला. हा उपाय याच पतंगाला चालतो, शेजारच्या खणातल्या उडणाऱ्या मादीला नाही. निदान आणि उपचार यांचे नाते इतके उघड क्वचित दिसते.

पण शृंगिकेवरून केलेली विभागणी टिकली नाही. पहिली अडचण घरातलीच होती. कंगवा असतो तो नराला, त्याच जातीच्या मादीची शृंगिका बहुधा साधी असते. हातात मादी आली तर शेवट कोणता लावायचा? दुसरी अडचण लिनियस यांना ठाऊक असण्याची शक्यताच नव्हती. तो कंगवा म्हणजे नाक आहे. मादी हवेत सोडते तो गंध टिपण्यासाठी नराच्या शृंगिकेचे क्षेत्रफळ वाढलेले असते. असा एक गंध शास्त्रज्ञांनी प्रथम वेगळा करून ओळखला तो १९५९ मध्ये, रेशमाच्या पतंगाचा. ज्या नराला दुरून वास काढायचा त्याला कंगवा उपयोगी. ही गरज वेगवेगळ्या घराण्यांत वेगवेगळ्या वेळी निर्माण होते आणि नाहीशीही होते. त्यामुळे कंगवा गरज सांगतो, नाते सांगत नाही. आजच्या वर्गीकरणात बेटुलारिया आणि ग्रोसुलारियाटा एकाच उपकुलात बसतात, शेवट वेगळे असूनही. उलट हिरव्या पंखांचा पॅपिलिओनारिया हा बेटुलारियासारखाच 'आरिया' असूनही वेगळ्या उपकुलातला निघाला.

नंतरच्या अभ्यासकांनी लक्षणे बदलली. एडवर्ड मेरिक या इंग्रज शाळामास्तरांनी १८९२ मध्ये युरोपातील भूमापकांची फेरमांडणी पंखांतील शिरांवरून केली. निलगिरीत चहाचे मळे पाहिलेले जॉर्ज हॅम्पसन यांनी १८९५ मध्ये भारतातील भूमापकांचा खंड लिहिला, तोही शिरांचा आधार घेऊन. पुढे जननेंद्रियांची रचना आणि अलीकडे डीएनए. या कुलाची खरी खूण सापडली ती कानांत. भूमापकांना पोटाच्या बुडाशी कान असतात आणि वटवाघळाचा आवाज ऐकून ते जीव वाचवतात. चालीची खूणही तशी फसवीच. सोयाबीनच्या शेतकऱ्याला चांगली माहीत असलेली हिरवी उंटअळी अशीच कमान करून चालते, तिलाही पाय कमी असतात. पण ती भूमापक नाही, दुसऱ्याच कुलातली आहे. आणि खऱ्या भूमापकांपैकी काहींच्या अळ्यांना मधले अर्धवट वाढलेले पाय आढळतात. एवढे होऊनही लिनियस यांनी केलेला मोठा गट बराचसा शाबूत राहिला, आतले कप्पे मोडले. एकाच लक्षणावर भिस्त ठेवण्यात धोका आहे, हे त्यांना स्वतःलाही कळत होते. पुंकेसर मोजून केलेली आपली वनस्पतींची विभागणी कृत्रिम आहे आणि खरी, नैसर्गिक पद्धत अजून सापडायची आहे, असे ते मानत आणि तिचा शोध त्यांनी आयुष्यभर घेतला.

पतंगांच्या बाबतीत चुकले तर बिघडले काय, असे कुणी म्हणेल. पण हीच रीत त्यांनी रोगांना लावली. १७६३ मध्ये त्यांनी 'जेनेरा मॉर्बोरम' हे पुस्तक काढले. त्यात रोगांचे ११ वर्ग आणि तीनशेहून अधिक प्रकार होते. माँपेलिए येथील मित्र सोव्हाज यांच्या वाटेवरचे हे काम. तापाचे वर्ग वेगळे, वेदनांचा वेगळा, मनाच्या रोगांचा वेगळा. शरीरातून काहीतरी बाहेर टाकणाऱ्या रोगांचाही एक वर्ग होता. म्हणजे नाकातून रक्त येणे आणि जुलाब होणे एकाच कपाटात. आज हे वाचताना हसू येते, पण त्या काळच्या डॉक्टरकडे रुग्णाच्या अंगावर दिसते त्यापलीकडे काही नव्हते. सूक्ष्मदर्शक होता, पण रोगजंतूची कल्पना रुजलेली नव्हती. गंमत म्हणजे लिनियस यांना ती सुचली होती. १७५७ मध्ये त्यांच्या देखरेखीखाली झालेल्या एका प्रबंधात काही साथीचे रोग अतिसूक्ष्म जिवंत प्राण्यांमुळे होत असावेत, अशी मांडणी आहे. ती मनात असूनही सहा वर्षांनी रोगांची यादी केली ती बाह्य लक्षणांवरूनच. कारण माहीत नसेल तर लक्षणावर थांबावे लागते. आजही बाह्यरुग्ण विभागात पहिल्या दिवशी केसपेपरवर नुसता 'ताप' असे लिहिले जाते, ते याच नाइलाजाने.

दिसणे सारखे आणि आतून भिन्न, याचा फटका हिवतापाच्या बाबतीत पुढे बसलाच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातील डॉक्टर बुचकळ्यात पडले होते. हिवतापाचा म्हणून ओळखला जाणारा अ‍ॅनोफिलीस डास काही भागांत भरपूर होता आणि तिथे ताप मात्र नव्हता. १९२६ मध्ये इटलीतील आरोग्य निरीक्षक फालेरोनी यांनी त्या डासाची अंडी तपासली. अंड्यांवरची नक्षी वेगवेगळी निघाली. पंख, पाय, ठिपके सारखे असलेला तो एक डास नव्हताच, अनेक जातींचे ते टोळके होते. त्यांतल्या काहीच माणसाला ताप देत. कोणत्या डबक्यावर पैसा खर्च करायचा हे त्यानंतर ठरवता येऊ लागले.

सर्वांत वाईट परिणाम झाला तो लिनियस यांनी माणसाला खणात बसवल्यावर. माकडांच्या शेजारी माणसाला ठेवण्याचे धाडस त्यांनी केले, त्याबद्दल धर्मपंडितांचा रोष ओढवून घेतला, ही बाजू मोठी आहे. पण त्याच पानावर त्यांनी माणसांचे खंडानुसार आणि कातडीच्या रंगानुसार चार प्रकार केले. १७५८ च्या आवृत्तीत तर प्रत्येकाला स्वभावही जोडला. आशियातील माणूस पिवळसर, उदास आणि ताठर. आफ्रिकेतला आळशी आणि लहरी. युरोपातला, अर्थातच, हुशार आणि कायद्याने चालणारा. हे लिहिणारा माणूस युरोपबाहेर कधीच गेला नव्हता. पतंगाची शृंगिका त्यांनी निदान भिंगाखाली धरली होती. इथे ऐकीव गोष्टी आणि जुन्या वैद्यकातले चार दोष यांवर काम भागवले. वंशाच्या नावाने पुढे जे शास्त्र उभे राहिले, त्याने या तक्त्याचा भरपूर आधार घेतला. काळ तसा होता, ही सबब इथे पुरत नाही. कारण प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय लिहू नका हे विद्यार्थ्यांना शिकवणारे तेच होते.

ते विद्यार्थी जगभर गेले. लिनियस त्यांना आपले दूत समजत. एकंदर सतरा जण. चीनकडे निघालेला पहिला, टेर्नस्ट्रोम, १७४६ मध्ये वाटेतच मरण पावला. त्याच्या विधवेने लिनियस यांना दोष दिला आणि त्यानंतर त्यांनी अविवाहित तरुणच पाठवले, असे सांगतात. हासलक्विस्ट स्मर्ना येथे गेला, लफ्लिंग व्हेनेझुएलात तापाने. पेटर फोर्सकोल १७६३ मध्ये येमेनमध्ये मरण पावला, तो हिवतापाने. त्याच्या स्मरणार्थ लिनियस यांनी एका चिवट, अंगाला चिकटणाऱ्या वनस्पतीला त्याचे नाव दिले. ज्या तापावर गुरूने पदवी घेतली, त्याच तापाने शिष्य गेला. बाकीच्यांनी पाठवलेल्या पेट्यांतून झाडे आणि कीटक उप्सालाला येत राहिले आणि नावे वाढत गेली.

सजीवांच्या जाती निर्मात्याने घडवल्या तशाच राहतात, असे लिनियस तरुणपणी मानत. म्हातारपणी त्यांचा हा विश्वास थोडा ढिला झाला होता. तो पुरता मोडण्याचे काम त्यांच्याच एका भूमापकाने केले. बर्चवरचा तो पांढरा बेटुलारिया. १८४८ मध्ये मँचेस्टरमध्ये त्याचा एक पूर्ण काळा नमुना सापडला. गिरण्यांच्या धुराने झाडांच्या साली काळवंडत गेल्या आणि पन्नास वर्षांच्या आत त्या शहराभोवती बहुतेक सगळे बेटुलारिया काळे झाले. काळ्या सालीवर पांढरा पतंग पक्ष्यांना दिसतो, काळा दिसत नाही. १९५० च्या दशकात बर्मिंगहॅम आणि डॉर्सेट येथील जंगलांत पतंगांवर खुणा करून सोडून हे तपासले बर्नार्ड केटलवेल यांनी. तेही डॉक्टरच होते, दवाखाना सोडून पतंगांकडे आलेले. त्यांच्या पद्धतीवर पुढे आक्षेप घेतले गेले, पण नव्या, अधिक काटेकोर प्रयोगांतून निष्कर्ष तोच आला. हवा स्वच्छ झाल्यावर पांढरे पतंग पुन्हा वाढले. रंग बदलला तरी नाव तेच राहिले, कारण रंगावरून वेगळी जात होत नाही, हे तोवर कळले होते.

लिनियस यांच्या नावावर आणखी एक कमी माहीत असलेले काम आहे. १७४५ मध्ये त्यांनी स्वीडिश विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात एका रुग्णाची हकिगत छापली. उप्सालातील एक विद्वान गृहस्थ आजारपणानंतर नामे विसरले. बोलणे सुरू होते, पण वस्तूंची आणि माणसांची नावे ओठांवर येत नसत. पत्नीचे नाही, मुलांचेही नाही. दुसऱ्याने नाव उच्चारले की ते ओळखत. सहकाऱ्याबद्दल काही सांगायचे असेल तर विद्यापीठाच्या व्याख्यानांची छापील यादी मागवून त्यातल्या नावावर बोट ठेवत. मेंदूला इजा होऊन भाषा जाते, या विकाराचे हे आरंभीच्या काळातले एक चोख वर्णन आहे. त्यात कुठलाही सिद्धान्त नाही. जे दिसले तेवढेच लिहिले आहे.

१७७४ मध्ये स्वतः लिनियस यांना पक्षाघाताचा झटका आला. १७७६ मध्ये दुसरा आला आणि उजवी बाजू लुळी पडली. ज्यांनी हजारो नावे दिली त्यांना आता नावे आठवेनात. स्वतःचेच ग्रंथ ते कौतुकाने चाळत आणि ते कुणी लिहिले हे त्यांना उमजत नसे, असे त्यांच्या चरित्रात नोंदले आहे. १० जानेवारी १७७८ रोजी ते वारले. उप्सालाच्या कॅथेड्रलमध्ये त्यांचे दफन झाले.

उप्सालातील १७६६ च्या आगीनंतर त्यांनी आपला संग्रह हम्मारबी येथील शेतावर, टेकडीवर बांधलेल्या दगडी खोलीत हलवला होता. आगीच्या भीतीने त्या खोलीत चूल किंवा शेगडी ठेवलेली नव्हती. ओल मात्र आली. संग्रह मुलाकडे गेला आणि १७८३ मध्ये मुलगाही वारला. सारा एलिझाबेथ यांना मुलींचे पाहायचे होते, त्यांनी संग्रह विकायला काढला. लंडनमधील जेम्स एडवर्ड स्मिथ या चोवीस वर्षांच्या तरुणाने वडिलांकडून पैसे घेऊन तो सुमारे एक हजार गिनींना विकत घेतला. हा स्मिथही वैद्यकाचाच विद्यार्थी. १७८४ च्या शरदात २६ पेट्या लंडनच्या धक्क्यावर उतरल्या. चार वर्षांनी, १७८८ मध्ये, स्मिथ यांनी लिनियन सोसायटी स्थापन केली.

त्या पेट्यांतले तीन हजारांहून अधिक कीटक आज लंडनमध्ये पिकॅडिलीजवळील सोसायटीच्या तळघरात, ठरावीक तापमानात ठेवलेले आहेत. एखाद्या जातीबद्दल वाद उभा राहिला की अभ्यासक तिथे जातात आणि लिनियस यांच्या टाचणीवरचा नमुना पाहतात. शृंगिकेवरची ती विभागणी केव्हाच मोडीत निघाली, पण शेवट लावण्याची सवय गेली नाही. १८५८ मध्ये फ्रेंच वकील आणि पतंगतज्ज्ञ ग्वेने यांनी एका आशियाई भूमापकाचे वर्णन केले. त्याची अळी पुढे आसामच्या चहामळ्यांतली मोठी कीड ठरली. मळेवाले तिला लूपर म्हणतात. ग्वेने यांनी ठेवलेले नाव सप्रेसारिया. तिच्या नराची शृंगिका दातेरी आहे.